गाडी जागी आहे

३ नोव्हेंबर, सोमवार
नवी गाडी घरी आली. सीमानं ओवाळलं, पण तोंड वाकडंच. मागच्या वर्षी मूर्तिजापूरजवळ मला डुलकी लागली आणि जुनी गाडी डिव्हायडरला घासली, ते बायको अजून धरून बसली आहे. म्हणते, रेल्वेनं जा. अकरा वर्षं अमरावतीहून अकोल्याच्या ऑफिसला अपडाऊन करून राहिलो, आता धक्के खायचं वय आहे का? ही गाडी आपली आपण चालते. शेजारच्या खुशालरावांचा मुलगा अनुप शोरूममध्ये कामाला आहे, तो अर्धा तास समजावत होता. अर्धं ऐकलं. उरलेलं समजतं आपल्याला.

५ नोव्हेंबर, सकाळ
बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. पाय काढला तरी गाडी ऐंशीनं चालतेच! ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. किसनरावांनी विचारलं, मॅन्युअल वाचलं का. जळतात लोक.

१० नोव्हेंबर
स्टिअरिंगवरचे हात काढून पाहिले. थोडी डावीकडे जाते. नवी आहे, रस्ता शिकून राहिली. अधूनमधून बोट लावलं की तिला धीर येतो.

१२ नोव्हेंबर
बडनेऱ्याजवळ म्हैस आडवी आली. गाडीनं कचकन ब्रेक मारला. माझाही पाय ब्रेकवर होता, पण तो सवयीनं. नंतर हिरवा दिवा विझला. घाबरली असेल बिचारी.

१४ नोव्हेंबर
साहेबांची मीटिंग सातपर्यंत. अंगात त्राण नाही. परतताना डोळे मिटून पाचपर्यंत मोजलं. गाडी सरळ. उद्यापासून लवकर झोपायचं.

१७ नोव्हेंबर
लवकर झोपणं जमलं नाही. दहापर्यंत मोजलं.

१९ नोव्हेंबर
कमाल! कुरणखेडचा पूल आठवतो, त्यानंतर थेट बोरगाव मंजू. मधला रस्ता कोरा. घरी सीमाला कौतुकानं सांगितलं. ती उठून आत गेली. तिला टेक्नॉलॉजीचं काही पडलेलंच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
हिवरखेडला सीमाच्या भाचीचं, आकांक्षाचं लग्न. सीमा एसटीनं निघाली होती. शपथ घालून गाडीत बसवलं. आज हिचा विश्वास बसवायचाच, असं ठरवलं. अकोटच्या पुढे दोन्ही हात वर केले.
गाडी तुरीच्या शेतात. कोणाला लागलं नाही. ट्रॅक्टरनं ओढून काढली. सीमा लग्नात कोणाशी बोलली नाही.
चूक रस्त्याची. पांढरे पट्टेच नाहीत, तर गाडी पाहणार काय?

२४ नोव्हेंबर
रजा टाकून अनुपला झापायला शोरूमला गेलो. सीमाही आली. अनुप म्हणाला, काकाजी, पट्टे पाहणारी सिस्टीम वरच्या मॉडेलमधी राहते, मी तुमाले सांगतलं होतं. तुमची गाडी फक्त स्पीड धरून ठेवते. स्टिअरिंग तुमचं, ब्रेक तुमचा.
मग म्हैस कोणी वाचवली, असं विचारलं. तुमीच, म्हणाला.
दोन मिनिटं बरं वाटलं. सीमाला म्हटलंसुद्धा, पाहिलं, अजून हात चांगला आहे आपला.
जेवताना तिनं विचारलं, मंग कुरणखेडपासून बोरगाव मंजूपर्यंत गाडी कोण चालवून राहिलं होतं?
वरणभातात हात तसाच राहिला. कोणीच नाही, म्हटलं. ती रडायला लागली. मलाही आवरलं नाही. फार भीती वाटली, पाच दिवस उशिरा.

२५ नोव्हेंबर
किल्ली सीमाजवळ. बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. खिडकी मिळाली. झोपायचं नाही, असा निश्चय केला.
डोळे उघडले तेव्हा शेगाव. अकोला केव्हाच मागे गेलं.
सीमाला फोन करून खरं ते सांगितलं. रेल्वेतच हायेत ना, एवढंच तिनं विचारलं. हो म्हटलं.
मंग झोपा अजून, म्हणाली.