ओल्या मातीतला खांब

दादा,

खांब ठोकायच्या यंत्राच्या खरेदीच्या कागदावर मी येईपर्यंत सही करू नकोस. काल विक्रेत्याने दाखवलं तेव्हा खांब एका दणक्यात आत गेला आणि काका म्हणाले, "बघ, लोण्यात सुरी!" तुम्ही चहाला गेल्यावर मी तो खांब धरून ओढला, तर उपटून हातात आला. खालची माती ओली होती; बाकी शेत कोरडंठाक आहे. आपलं कुंपण मुरमाड चढावर होणार, म्हणून विक्रेत्याकडून ते यंत्र ट्रॅक्टरला जोडून आणायला मी गेले आहे. आज चढावर ठोकून बघू.

कालची जागा काकांनी निवडली होती. ते आले तर भांडू नकोस. तिथे पाणी कुणी सोडलं, एवढंच विचार आणि त्यांच्या तोंडाकडे बघ.

– धाकटी