वाकोल्याच्या बायकांची भजनं

वाकोला,
५ जानेवारी २०२५

चि. विद्याधर यास,
शकुताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहिते.

आमच्या महिला भजन मंडळाच्या एकोणीस कॅसेटी तुझ्या लेकीने, अपूर्वाने इंटरनेटवर चढवल्या होत्या. त्या साइटवाल्यांनी परवा सगळ्या काढून टाकल्या. म्हणे, ही गाणी दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या मालकीची आहेत. अभंग संतांचे, चाली माझ्या, पखवाज कुंदाचा, आणि मालक कंपनी. तीन वेळा तक्रार केली, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर.

आता मी त्यांच्या दारात जाणार नाही. अपूर्वा म्हणाली की पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर मिळतो. तो घरच्या वायफायला जोडायचा, गाणी आपल्याच डिस्कवर ठेवायची आणि घरातल्या कुठल्याही फोनवर ऐकायची. मी मागवलाय. अडवून दाखव.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
शकुताई

मुलुंड,
१२ जानेवारी २०२५

ती. शकुताईस,
शि. सा. न. वि. वि.

मिक्सरचं झाकण लावताना हाका मारणारी तू आता कॉम्प्युटर बसवणार, हे वाचून सुनेने चहा सांडला. पण ताई, मोतीबिंदू काढून महिना झालेला नाही. डोळ्यांना ताण देऊ नकोस.

आणि खरं सांगू? त्या टेपांमध्ये नुसती खरखर आहे. चौदा बायकांपैकी सहा उरल्यात. ऐकणार कोण? जुनं उकरून काय मिळणार गं? फोनवर हवी तेवढी भजनं आहेत, ती ऐक.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा,
विद्याधर

वाकोला,
९ फेब्रुवारी २०२५

चि. विद्याधर यास,
अनेक आशीर्वाद.

ऐकणार कोण, असं विचारलंस. मी ऐकणार.

पहिल्या दिवशी अपूर्वा व्हिडिओ कॉलवर सांगत होती आणि मी एका बोटाने काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं टाइप करत होते. एक जागा मोकळी सोडायची राहिली, त्यात तासभर गेला. शेवटी चालू झालं. चौथ्या दिवशी बिल्डिंगची लाइट गेली आणि आतल्या मेमरी कार्डची वाट लागली. मग वहीत उतरवून ठेवलेलं बघून मी एकटीने पहिल्यापासून सगळं परत केलं. अपूर्वाला झाल्यावरच कळवलं.

अपूर्वाने प्रती ठेवल्या नव्हत्या, म्हणून कॅसेटी परत उतरवाव्या लागल्या. नव्वद मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला नव्वद मिनिटंच लागतात. त्यामुळे सगळ्या ऐकून झाल्या. कुंदा कांजूरमार्गहून येते. बोटं वळत नाहीत तिची, तरी डायनिंग टेबलावर ठेका धरते. सेक्रेटरी आवाज कमी करा म्हणायला आले. त्यांना म्हटलं, बसा, हा अभंग संपू दे. बसले.

एकच कॅसेट नाही. सत्त्याऐंशीच्या गणपतीतली, बायकांना पहिल्यांदा मंडपात गायला मिळालं ती. मध्येच लाइट गेली आणि वाट्टोळं झालं. मंडपातले पुरुष आजही म्हणतात की पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. रेकॉर्डर तुझा होता. टेप कुठे आहे?

उत्तर टाळू नकोस. आशीर्वाद आहेतच.
शकुताई

मुलुंड,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. शकुताईस,
शि. सा. न.

लाइट गेली नव्हती. माइकची पिन मी काढली.

मी सव्वीस वर्षांचा होतो. गणपती मंडळाचे लोक आठवडाभर चिडवत होते की विद्याधरची बहीण आता गावासमोर टाळ कुटणार. त्या दुपारी त्यांनी मला मागे विजेच्या बोर्डापाशी उभं केलं आणि काढ म्हणाले. मी काढली. रेकॉर्डर माझ्या पायाशी होता, सेलवर चालणारा. तो बंद करायचं सुचलं नाही.

टेप मी एकदाच ऐकली. सदतीस वर्षं कपाटात आहे. फेकून द्यायचा धीर झाला नाही, तुला द्यायचाही नाही. आज कुरिअरने पाठवतोय.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?
विद्याधर

वाकोला,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. विद्याधर यास,
आशीर्वाद.

काल आम्ही सहाजणींनी ऐकली. दोनदा.

माझा आवाज मध्येच तुटतो. कुणीतरी हसतं. मग कुंदाची थाप पडते आणि आम्ही चौदाजणी माइकशिवाय उचलतो. रेकॉर्डर शेवटच्या रांगेमागे होता ना, तिथपर्यंत एक न् एक शब्द पोचलाय. पुढे पुढे त्या रांगेतले लोक ध्रुपद धरायला लागतात. बायका, पुरुष, सगळे. आणि मी इतकी वर्षं मंडपातल्या पुरुषांचं खरं मानून, मान खाली घालून सांगत आले की आमचा कार्यक्रम फसला.

टेप संपल्यावरही कुंदा टेबलावर ठेका धरून होती. मग म्हणाली, आपण संपवलं होतं गं.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. ते मी अजून ठरवलेलं नाही. पण रविवारी ये. पासवर्ड देईन, तुझ्या फोनवर वाजेल, सगळं समोर बसून ऐकायचं. अपूर्वा म्हणाली की रेकॉर्डिंगला थोडक्यात नाव दे. मी दिलंय: "गणपती १९८७. माइकची पिन विद्याधरने काढली. भजन पूर्ण झाले."

ते बदलणार नाही.

जेवायलाच ये.
तुझी,
शकुताई