इंजिन गप्प झालं

प्रिय ढब्या,

तुझ्या बायकोसमोर आता असं म्हणत नाही, पत्रात चालवून घे. तुझ्या लेकाच्या खेळण्यातल्या आगगाडीचं छोटं इंजिन दुरुस्त होऊन निघालंय. बाबांनी त्यात जीव ओतलाय. आधी नुसती मोटर काढून फिरवली, ती मुकाट फिरली. म्हणजे तू म्हणत होतास ती घरघर दातेरी चाकांचीच. मग डिंकासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस खरवडलं, आसाला गुंडाळलेला केस चिमट्याने ओढला, पुढेमागे हलणाऱ्या दांड्याला कागदाएवढी पातळ चकती घातली. आवाज ऐकायला दरवेळी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. लहानपणी तूही डॉक्टर होऊन तो माझ्या गुडघ्याला लावायचास.

मंगळवारी त्यांनी मला हाक मारली. इंजिन रुळावर फिरत होतं आणि हे खुशीत होते. "बघ, गप्प झालं." अरे, कॉफी दळल्यासारखा खरखराट चालला होता! वाटलं, माझी फिरकी घेताहेत. तोंडाकडे पाहिलं, तर ते मनापासूनच बोलत होते. मी म्हटलं, हो, अगदी गप्प.

मग एकेक ध्यानात यायला लागलं. दारावरची बेल वाजते नि हे हलत नाहीत. मी हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते म्हणून माझ्यावरच डाफरतात. दोन गिऱ्हाइकांनी इंजिनं परत पाठवली, तर म्हणाले, लोकांना कटकटीची सवयच असते. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं तर दोन दिवस अबोला. त्या दुरुस्तीच्या टेबलाशिवाय त्यांना दुसरं काय आहे रे? कामं यायची थांबली तर माणूस खचेल. मला फार रडू येतं. घरात मोठ्याने रडलं तरी कुणाला कळत नाही.

खोकं पोचलं की बाबा तुला फोन करतील, आवाज येतो का विचारतील. तू काहीही सांगितलंस तरी त्यांना 'नाही' असंच ऐकू येईल. म्हणून हे लिहितेय. फोनवर काही बोलू नकोस, इंजिन घेऊन ये. माझ्याच्याने होत नाही. त्यांच्या समोर बस, बॅटरीच्या दोन तारा लाव आणि चालू इंजिन त्यांच्या तळहातावर ठेव. मी खोटं बोलले हेही त्यांना तेव्हाच कळेल, रागावले तर रागावू देत. त्यांच्या बोटांना अजून सगळं कळतं.

वाट बघणारी तुझीच,
आई