तारखेची जागा मोकळी ठेवलेला राजीनामा

मु. बोरखिंड, शेणव्यापुढे, ता. शहापूर
११ डिसेंबर १९९८

श्री. चंदरदादा यांना महिपतचा रामराम.

तुम्ही, वहिनी आणि गाभण म्हैस, तिघांची प्रकृती ठीक असेल. इकडे भाताची झोडणी उरकली. मीही बरा आहे. नऊ दिवस स्वतःच्या हातचं खातो आहे, त्यामुळे जरा वाळलो आहे, पण ते तुमच्या बहिणीला कळवण्यासारखं नाही. (कळलं तर हरकत नाही.) सकू तुमच्याकडे काय सांगत असेल याची मला कल्पना आहे, म्हणून झालं ते पहिल्यापासून लिहितो.

गेल्या वर्षी आमचं सरपंचपद बाईला राखीव झालं. बाईची जागा म्हटल्यावर गावातले सगळे पुरुष देवळात जमले. बायकांना बोलावलं नव्हतं, पण चहा त्यांनीच करून पाठवला. उमेदवार कशी असावी यावर फार खोल चर्चा झाली. जी उलट बोलत नाही, जिच्या माहेरचे फारसे दमदार नाहीत (हे तुम्ही मनाला लावून घेऊ नये) आणि जी सही करते पण कशावर ते विचारत नाही, अशी बाई हवी होती. अशा दोन निघाल्या. एक आमची सकू आणि दुसरी धर्माची ताराबाई. धर्मा माझा सख्खा चुलतभाऊ, त्यामुळे समजूत पटण्याचा प्रश्नच नव्हता. आठवडाभरात त्याची पेंढ्याची उडवी जळाली (आपोआप), मग आमच्या कौलांवर दगड आले (तेही कुणी मारले नव्हते). शेवटी म्हाताऱ्यांनी तोड काढली की पहिलं वर्ष पद माझ्याकडे, मग धर्माकडे. गावदेवीपुढे नारळ फुटला आणि सकूची राजीनाम्यावर आधीच सही घेऊन ठेवली, तारखेची जागा तेवढी मोकळी. कागद पुजाऱ्याकडे, देवीच्या दागिन्यांच्या डब्यात. इतका चोख कारभार तुमच्या मुरबाडात नसेल.

सुरुवातीला पंचायतीत खुर्चीवर मी बसायचो आणि ती बाकावर. पावसाळ्यानंतर एकदा गेलो तर ती खुर्चीवर. दमली असेल म्हणून मी बाकावर बसलो, तो बसलोच. पाड्यावरच्या बायका थेट तिच्याकडे यायला लागल्या, तिथे बोअरिंगही झालं, आणि मला ते उद्घाटनाला कळलं. वर्ष भरल्यावर दिलेल्या शब्दाप्रमाणे मी राजीनाम्यात तारीख घालून शहापूरला दिला. पंचायत समितीच्या सभापतींनी तिला समोर बोलावून विचारलं, सही तुमचीच का? ती म्हणाली, "सही माजी हाय. राजीनामा माजा नाय."

परतीच्या एस.टी.त मी आणि धर्मा एका बाकावर बसलो, जमिनीची वाटणी झाल्यापासून पहिल्यांदाच. घरी आल्यावर मग सकूशी थोडं बोलणं झालं.

दुसऱ्या सकाळी नेमकी मुंबईच्या विद्यापीठातली एक बाई दारात उभी. बाई उमेदवार कशा निवडतात आणि त्यात मारामाऱ्या किती होतात, यावर तिचा अभ्यास. बावीस पानी प्रश्नावली होती. पहिल्या अकरा प्रश्नांची उत्तरं मी दिली. ती म्हणाली, प्रश्न सरपंचांना आहेत. मी म्हटलं, उत्तरं एकाच घरातली आहेत. हिंसेच्या पानावर मी स्वच्छ सांगितलं की आमच्या गावात तसलं काही होत नाही, तरी तिने उडवी आणि कौलं दोन्ही लिहून घेतली. मग सकूला विचारलं. सकूने गालावरचा पदर फक्त बाजूला केला. मी म्हटलं, ते घरगुती आहे, राजकारणात धरू नका. बाई म्हणाली, कशावरून झालं? मी म्हटलं, राजीनाम्यावरून. (घाईत खरं बोलून गेलो.) तिने राजकीयच्या रकान्यात खूण केली. म्हणजे कौलांवरचे दगड आणि माझा हात एका रांगेत.

बाई गेल्यावर सकूने लुगडी पिशवीत भरली. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "बसवताना इचारलं नाय, उठवताना इचारलं नाय. आता मी कुठं जाते, तं बी तुमी इचारू नका."

तरी तुम्ही मोठे आहात. बहीण क्वचित माहेरी येते, तिला परत पाठवायची घाई करू नये. एकवीस तारखेपर्यंत तरी आराम करू द्यावा.

आपला,
महिपत

ता. क. एकवीसला सोमवारी अकरा वाजता तिच्यावर अविश्वास ठराव आहे. ती हजर नसली तर कुंपणावरचे दोन सदस्य धर्माकडे जातील. पत्र मुळात त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. धर्मा शेजारी बसून होता, आत्ताच उठून गेला.

दुसरा ता. क. वरचं धरू नका. तिला सोमवारी पाठवा. घरी येववत नसेल तर शेणव्याला उतरून सरळ पंचायतीत जाऊ दे. मी आत येणार नाही. मारलं ते मी मारलं, दादा. चुकून एकदाच, असं मी सगळ्यांना सांगत आलो, पण ते एकदाच नव्हतं. मला लाज वाटते.

तिसरा. हे पत्र तिला वाचून दाखवू नका. ती वाचायला शिकली आहे (कधी ते मला माहीत नाही, तिने मला विचारलं नव्हतं). तिच्या हातात द्या.