सगळ्या केंद्रांवर माझं नाव

तीर्थरूप आप्पांना,

राग लई आलाय, तरी आधी नमस्कार करतो. मी बरा आहे, दोन्ही टायमाला पोटभर जेवतो.

आप्पा, तुमी हे काय चालवलंय? गेल्या महिन्यात जळगावला केळीच्या ट्रकवर होतो. ड्रायव्हरनं रेडिओ लावला, तर गाण्याआधी बाई म्हणाल्या, "विंझरहून हैबती यांची फर्माईश, मुलगा सोमेश्वरसाठी. बाळा, असशील तिथून पत्र पाठव." मी पटकन रेडिओचा आवाज बारीक केला. काल नागपुरात चहाच्या टपरीवर पुन्हा तेच! मी दचकलो, तसं टपरीवाले भाऊराव सगळ्यांसमोर म्हणाले, "तूच का रे तो? चहा ठेव अन् कागद घे!" सगळे हसले.

आकाशवाणीची एवढी केंद्रं, सगळीकडं पोस्टकार्डं टाकलीत व्हय? मी काय हरवलेली शेळी हाय दवंडी पिटायला? काळी शेळी व्याली का?

अन् घरात कधी मला बाळा म्हणालात? उभा जन्म सोम्या, गाढवा! परक्या बाईच्या तोंडून ऐकायला मी नागपूरला यायचं का?

आईचा गुडघा कसा आहे? खरं सांगा.

मोबाईल फुटल्यापासून म्या पत्ता कळवला न्हाई, ही चूक माझी. आता खाली लिहितोय. महिनाभर हितून हलत नाही. काय रागवायचं ते ह्या पत्त्यावर रागवा.

बाळा लिहिलंत तरी चालंल.

आईच्या पाया पडतो, तुमच्याही.

सोमेश्वर
द्वारा भाऊराव ठवरे, चहाची टपरी, संत्रा बाजार, नागपूर