जोकर नाय चालत

बाबा, आज दुपारी बोळिंजच्या घरात मुलीला दोघांची रमी शिकवली. तुमची आठवण आली आणि नेहमीसारखा संतापच आला. तेरा-तेरा पानं वाटायची, एक पान उघडं टाकायचं, उरलेली गड्डी पालथी ठेवायची, एक उचलायचं, एक टाकायचं. पण हे सगळं सांगायच्या आधी तिला नियम सांगितला, की एक तरी सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची ओळीतली पानं, जोकरशिवाय लागलीच पाहिजे, नाहीतर पानं उघडून केलेला शो चुकीचा. तुम्ही हा नियम मला कधी सांगितलात, आठवतं का?

निर्मळ गावच्या आपल्या वाडीतली फुलं सकाळी बाजारात गेली की दुपारी ओटीवर तुम्हाला खेळायला कुणीतरी लागायचं. शेजारचे काका नसले की मी. पिसताना बोट जिभेला लावायची तुमची घाणेरडी सवय अजून डोळ्यांसमोर आहे. मी दोन्ही सिक्वेन्सना जोकर लावले तरी "चल, झाली तुझी रमी" म्हणून हसायचात. केवढं मोठं मन! दहावीनंतर माणिकपूरच्या कॉलेजचा फॉर्म सहीला आणला, तर तुम्ही गड्डी पुढे केलीत. "जिंकलीस तर सही." पोरीचं शिक्षण पत्त्यांवर ठरवणारा बाप! सरळ नाही म्हणायचीसुद्धा हिंमत नव्हती तुमच्यात.

मी शो केला. तीन राजे, तीन नव्वे, आणि दोन सिक्वेन्स, दोन्हींत जोकर. तुम्ही वाकून एकेक पान बोटाने सरकवून पाहिलंत.

"जोकर नाय चालत पयल्या सिक्वेन्सला. शो चुकला. जा, पानी आन."

मी पाणी आणलं. तोवर फॉर्मवर मोगऱ्याची टोपली ठेवून तुम्ही पुढचा डाव पिसायला घेतला होता. पुढची पाच वर्षं मी त्याच ओटीवर गजरे ओवले, मग लग्न होऊन इथे आले.

हे पत्र पत्त्यांच्या डब्यात तळाशी ठेवते आहे, कुणी वाचायचं नाही म्हणून. बापाने ऐनवेळी नियम काढून फसवलं, असं मी सगळ्यांना सांगत आले, आज मुलीलाही सांगितलं. ते खोटं आहे. काकांचा शो तुम्ही ह्याच कारणाने कितीदा पाडलात, ते मी शेजारी बसून पाहिलं होतं. त्या दिवशी आणखी दोन पानं उचलेपर्यंत थांबता आलं असतं मला. थांबले नाही, कारण माझं तुम्ही चालवून घ्याल, अशी मला खात्री होती.