बेड

निपाणी, ३ ऑगस्ट २०२५

चि. ज्योत्स्नास, पारूबाईचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

मी तुझी आजी. वळख लागली का? विद्यापीठाच्या कौन्सिलवर पोरांची प्रतिनिधी झालीस आणि आम्हाला इसरलीस. तुझी धाकटी भण सुविधा असं म्हणत न्हाय, ती नुसती लिवती. पुढल्या महिन्यात तुझ्या हॉस्टेलात जागा मिळणार म्हणून तिनं गादीला नवी खोळ शिवलीया. प्रोफेसरांच्या मांडीला मांडी लावून तू तिथं काय करतीस, ते कळव.

लोभ आहेच, अधनंमधनं त्याला पाणी घाल.

तुझी आजी (अक्षर सुविधाचे)

बेळगाव, ११ ऑगस्ट

ती. आजीस सविनय जयभीम, वि. वि.

आजी, माझ्या हातून भलतंच झालं. बैठकीत मुलींच्या हॉस्टेलवर मजला चढवायचा विषय निघाला. अध्यक्षांनी कानडीतून विचारलं, मुलींचं म्हणणं काय? मला सांगायचं होतं, मजला हवाच, पण आधी आहे त्या खोल्यांत जादा बेड टाका, म्हणजे याच वर्षी सोय होईल. घाबरून एकच शब्द निघाला: बेड. कानडीत त्याचा अर्थ 'नको'. त्यांनी मान हलवली, पुढचा विषय घेतला. मला वाटलं, पटलं त्यांना.

आज इतिवृत्त हातात आलं. विद्यार्थी प्रतिनिधींचा नकार, सबब विषय रद्द. म्हणजे सुविधालाही जागा नाही. तिला इतक्यात सांगू नकोस. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होण्याआधी हरकत घेता येते, पण सगळे हसतील गं.

माया आटू देऊ नकोस.

तुझी ज्योत्स्ना

निपाणी, १६ ऑगस्ट

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

सुविधाला सांगू नको म्हणतीस. अगं, तुझी आजी वाचाय कवा शिकली? तिथपतोर तिनंच वाचलं, मग आवाजच बंद. मला वाटलं माझे कान गेले.

चुकलीस ते चुकलीस. मला धक्का बसलाय तो येगळाच. एवढी शिकलेली माणसं. पोरींनी पाठवलेली पोरगी पोरींना जागा नको म्हणती, आणि का गं बाई, असं एकानंबी इचारलं न्हाय? मग तुला खुर्ची दिली कशाला, शोभेला?

हसतील तर हसू देत, तेवढं तरी तुझ्याकडं बघतील. उभी ऱ्हा. कानडीत 'बेकु' म्हण, मराठीत 'हवं' म्हण, पन एका शब्दावर खाली बसू नको.

आशीर्वाद मागायची गरज न्हाय, ते तुझेच हाईत.

तुझी आजी

ता. क. सुविधा म्हणती, राग न्हाय. पन कालपासनं जेवली न्हाय. ही वळ ती लिवत नव्हती, दम देऊन लिवून घेतली. बैठकीची वाट न बघता तिच्यासाठी बेळगावच्या मिठाईवाल्याकडनं कुंदा पाठव.